रिकाम्या डोंगरावरचे दोन दिवस

रमजान पुन्हा जवळ आला आहे. घराघरांत डाळी निवडणं, मसाले कुटणं, पडदे धुणं सुरू झालं असेल. दर वर्षी या दिवसांत आम्ही याच पानावर रमजानच्या तयारीबद्दल काहीतरी लिहितो. या वेळी थोडं वेगळं लिहिणार आहोत. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत, शाबान संपायला चार-पाच दिवस उरले असताना आम्ही घरची कामं तशीच टाकून दोन दिवस माथेरानला गेलो होतो. त्याबद्दल.

सोबत अब्बा आणि अम्मी होते. मुलांची शाळा आणि परीक्षेची गडबड असल्यामुळे त्यांना फुफीकडे ठेवलं होतं. खरं तर ही सहल आमची नव्हतीच, अम्मींची होती. अब्बांनी भिवंडीत चाळीस वर्षं यंत्रमागांवर जॉबर म्हणून काम केलं. या काळात अम्मी कुठे गेल्या? माहेरी, लग्नांना, मय्यतींना आणि दोनदा इस्पितळात. माथेरानचं नाव त्या लग्न झाल्यापासून ऐकत होत्या. शेजारपाजारचे जाऊन यायचे, चिक्कीचा पुडा द्यायचे. चिक्की खाल्ली, पण डोंगर काही पाहिला नाही.

निघण्याआधी अब्बांनी इमामसाहेबांना विचारून घेतलं, प्रवासात नमाज कसर करायची का? इमामसाहेबांनी अंतराचा हिशेब केला आणि हसून म्हणाले, "एवढ्याशा अंतरानं तुम्ही मुसाफिर होत नाही. नमाज पूर्णच पढा." अब्बा घरी येऊन हे सांगत होते, तेव्हा अम्मी कणीक मळत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "मुसाफिर म्हणावं इतकंही लांब नाही, आणि मला पोचायला चाळीस वर्षं लागली."

यावर कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही खोली ठरवली.

हंगाम आणि बिगरहंगाम

माथेरानला माणसांची झुंबड कधी उडते हे सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळी, नाताळ, एप्रिल-मेची सुट्टी आणि आता पावसाळ्यातले शनिवार-रविवारही. पण फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च संपेपर्यंतचे, सोमवार ते गुरुवारचे दिवस कोणाच्या खिजगणतीत नसतात. दहावी-बारावीचे पेपर सुरू असतात, बाकीच्या वर्गांच्या परीक्षा तोंडावर असतात. कचेऱ्यांमध्ये मार्चअखेरची घाई असते. थंडी सरलेली असते, कडक ऊन अजून लागायचं असतं. झाडांना नवी पालवी फुटत असते. म्हणजे डोंगर पाहण्यासारखा असतो नेमका तेव्हा तिथे कोणी नसतं. खोल्यांचे दर उतरलेले असतात, जेवणासाठी रांग नसते, आणि रस्त्यावर म्हाताऱ्या माणसांना सावकाश चालता येतं.

आमच्यासारख्या घरांना हेच दिवस परवडतात आणि मानवतातही. मे महिन्यातल्या गर्दीत अम्मींना घेऊन जायची आमची हिंमत झाली नसती.

सोमवारी पहाटे निघालो. कल्याणहून कर्जत लोकल धरली. बदलापूर मागे पडलं आणि वांगणी-शेलूच्या आसपास खिडकीतून पळस दिसू लागला. अंगावर पान नाही, नुसती केशरी फुलं. अम्मी खिडकीशी बसल्या होत्या. "याला पाणी कोण घालतं?" त्यांनी विचारलं. अब्बा म्हणाले, "जो सगळ्यांना घालतो तोच."

आदमजी पीरभॉय यांची गाडी

नेरळला उतरून छोट्या गाडीत बसलो. ही गाडी आपल्या घरांमध्ये "मिनी ट्रेन" म्हणून सगळ्यांना माहीत असते. पण ती कोणी बांधली हे आमच्या डब्यातल्या एकाही प्रवाशाला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

मुंबईतले मोठे उद्योजक सर आदमजी पीरभॉय हे दाऊदी बोहरा समाजाचे. तंबू आणि कातड्याच्या व्यवसायात त्यांनी नाव कमावलं. १९०७ साली कराचीत भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ ते माथेरान हा रेल्वेमार्ग बांधायला घेतला आणि पैसा वडिलांनी उभा केला. काम १९०१ च्या सुमारास सुरू झालं. त्या काळचे सुमारे सोळा लाख रुपये खर्च झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. म्हणजे तीही अशाच वसंताच्या दिवसांत पहिल्यांदा डोंगर चढली. रूळ फक्त दोन फूट रुंदीचे. वीस-एकवीस किलोमीटरच्या वाटेत गाडी सुमारे साडेसातशे मीटर चढते. उभा चढ तिला जमत नाही, म्हणून रूळ घोड्याच्या नालेसारखे वळत वळत जातात. अर्ध्या तासापूर्वी ज्या घराचं छप्पर शेजारून गेलं, तेच पुन्हा खाली दिसतं.

आदमजी शेठबद्दल एक गोष्ट सांगतात. ते एकदा नेरळला उतरले, तर वर जायला एकही घोडा किंवा पालखी रिकामी नव्हती. त्यांनी तिथेच ठरवलं की इथे रेल्वे आणायची. अब्बांना ही गोष्ट फार आवडली. दिवसभरात त्यांनी ती तिघांना सांगितली, आणि प्रत्येक वेळी शेठजींची वाट पाहण्याची वेळ थोडी वाढत गेली.

जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानकं येत गेली. डबे निम्मे रिकामे होते. तिकीट तपासनीसही आमच्याशी गप्पा मारत बसले. मे महिन्यात त्यांना मान वर करायला फुरसत मिळत नसेल.

आवाज नसलेलं गाव

माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान. १८५० साली ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर मॅलेट यांनी ही जागा साहेबलोकांच्या नजरेत आणली, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. पण ठाकर, कातकरी, धनगर मंडळींना हे रान त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. इथे मोटारींना बंदी आहे. रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी आणि अलीकडे सुरू झालेल्या मोजक्या ई-रिक्षा सोडल्या तर इंजिनाचं काही चालत नाही. बाकी सगळ्या गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात.

ज्यांचं घर भिवंडीत आहे त्यांनाच या गोष्टीचा अर्थ पुरता कळेल. आमच्या गल्लीत माग बंद असले तर माणूस झोपेतून जागा होतो. अब्बांचे कान त्या खटखटीत निम्मे गेले. ते मोठ्यानं बोलतात आणि त्यांच्याशी मोठ्यानं बोलावं लागतं. पहिल्या संध्याकाळी लॉजच्या ओट्यावर ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चहा सांगा!" तो आवाज समोरच्या झाडीपर्यंत गेला, दोन माकडं पळाली, आणि आतून मालक धावत आले. अब्बा ओशाळले. त्यानंतर दोन दिवस ते हळू बोलायचा प्रयत्न करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अचानक थांबले आणि म्हणाले, "इथे कोणाचा माग चालू आहे?" आम्ही कान दिला. झाडावर तांबट पक्षी बोलत होता. टुक, टुक, टुक, एका लयीत. वसंतात तो असाच तासन्‌तास बोलत राहतो. भांड्यावर ठोके दिल्यासारखा आवाज म्हणून त्याला तांबट म्हणतात. अब्बा बराच वेळ मान वर करून उभे राहिले. तो पोपटी, चिमणीएवढा पक्षी दिसला तेव्हा म्हणाले, "एवढासा जीव, पण धागा तुटत नाही याचा."

त्या दिवसांत गाव काय करत होतं? विसावत होतं आणि डागडुजी करत होतं. हॉटेलांच्या अंगणात गाद्या उन्हात टाकलेल्या. कुठे भिंतीला रंग, कुठे खिडकीला नवी जाळी. घोड्यांना नाल ठोकले जात होते. चपलांच्या दुकानातला माणूस बाहेर स्टूल टाकून पेपर वाचत होता. आम्ही काही घेणार नाही हे कळल्यावरही त्यानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि शार्लोट तलावाकडे जाणारी कमी चढाची वाट समजावून सांगितली. रानात अंजनीची झाडं फुलायला लागली होती. खोडाला, फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके. अम्मींनी हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "दुपट्ट्यावर असं भरतकाम पाहिलं होतं. वाटायचं, कोणीतरी मनानंच काढलंय."

भावाची गोष्ट

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगतो. यात आमची थोडी शोभा आहे.

खोलीचा भाव फोनवर ठरला होता. हंगामाच्या निम्म्याहून थोडा जास्त. तिथे पोचल्यावर पाहिलं तर अख्ख्या लॉजमध्ये आम्ही आणि आणखी एक जोडपं. आम्हाला वाटलं, अजून कमी होईल. आम्ही घासाघीस केली आणि झालंही. मालकांनी "बरं" म्हटलं आणि आमच्याकडे न पाहता किल्ली दिली. खोलीत आल्यावर आम्ही खुशीत अब्बांना किती वाचवले ते सांगितलं.

अब्बा काही बोलले नाहीत. मगरीब झाली, जेवण झालं. मग म्हणाले, "मंदीत मागवाल्याचे काय हाल होतात ते मी पाहिलेत. कापड पडून असतं, विजेचं बिल दारात असतं. अशा वेळी व्यापारी यायचा, भाव ठरवायचा, आणि माल गाडीत चढवताना म्हणायचा, अजून दोन पैसे कमी कर. शेठ कमी करायचा. त्याला दुसरा इलाज नसायचा. त्या माणसाला आम्ही मागून काय म्हणायचो, ते मी आज तुमच्याबद्दल म्हणणार नाही."

आम्हाला झोप लागायला वेळ लागला. स्वस्तात जाणं यात काही वाईट नाही. बिगरहंगामात दर कमी असतात आणि तो फायदा घेणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. पण एकदा ठरलेला भाव समोरच्याची अडचण पाहून पुन्हा पाडायचा, हे वेगळं. आपल्या घरांत मजुराच्या घामाबद्दलची शिकवण लहानपणापासून पाठ असते. ती आपण फक्त आपल्या घरी कामाला येणाऱ्यांपुरती ठेवतो. प्रवासात भेटणारा घोडेवाला, हमाल, खोली झाडणारा मुलगा यांच्यापर्यंत ती पोचत नाही. सकाळी आम्ही फोनवर ठरलेले पूर्ण पैसे दिले. मालकांनी कारण विचारलं नाही. दुपारी जेवणात मात्र न मागता गरम गरम तांदळाची भाकरी आली.

अम्मी आणि रिक्षा

दुसरी गोष्ट याहून अवघड होती. माथेरानात तेव्हा माणसांनी ओढायच्या हातरिक्षा होत्या. एक जण पुढे ओढायचा, चढाला एक-दोघे मागून ढकलायचे. पहिल्या दिवशी स्थानकाबाहेर येताच एक रिक्षावाला पुढे आला. अम्मींचे गुडघे दुखरे आहेत हे त्यानं चालीवरून ओळखलं. "आई, बसा."

अम्मी म्हणाल्या, "नाही बाळा. माणसानं माणसाला ओढायचं नाही."

तो म्हणाला, "आई, सकाळपासून तुम्हीच पहिल्या आहात."

दोघांचंही बरोबर होतं. आम्ही चौघं तिथे लाल मातीत उभे राहिलो आणि कोणालाच पुढचं वाक्य सुचेना. शेवटी अम्मींनीच तोड काढली. बॅगा रिक्षात ठेवल्या, भाडं पूर्ण माणसाचं ठरवलं, आणि स्वतः अब्बांच्या खांद्याला धरून चालत निघाल्या. दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला. रिक्षावाला रिकाम्या रिक्षाच्या चालीनं पुढे जायचा, थांबायचा, मागे वळून पाहायचा.

पण दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. शार्लोट तलाव पाहायचा राहून जाणार, असं दिसलं. तोच रिक्षावाला दुपारी चौकशी करत आला. सोबत त्याचा जोडीदार होता. अम्मी बराच वेळ खिडकीतून त्याच्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "चल. पण चढावर मी उतरणार."

त्या बसल्या. वाटेत दोन चढांवर खरोखर उतरल्या. बसल्या असताना त्यांचे ओठ हलत होते. काय पढत होत्या ते आम्ही विचारलं नाही. तलाव तेव्हा शांत होता, पाणी थोडं उतरलेलं, काठावर आमच्याशिवाय एक बाई आणि तिच्या शेळ्या. गावाला पिण्याचं पाणी इथूनही मिळतं. बंधाऱ्याजवळ रिक्षावाले झाडाखाली बसले. अम्मींनी घरून आणलेल्या खजुरीच्या पुरचुंडीतून आधी त्यांना दिलं, मग आम्हाला. त्यातला थोरला म्हणाला, त्याच्या वडिलांनीही हेच काम केलं, पण मुलानं करू नये म्हणून तो त्याला नेरळला शाळेत घालतोय. हंगाम नसला की फीचा प्रश्न येतो.

तिथून आम्ही पॉर्क्युपाइन पॉइंटला सूर्यास्त पाहायला जाणार होतो. अम्मी नको म्हणाल्या. "सूर्य आपल्या गच्चीवरूनही बुडतो. यांना लवकर घरी जाऊ दे." असरची नमाज त्यांनी तिथेच, काठावरच्या सपाट दगडाजवळ चादर टाकून बसून पढली. आम्ही थोडं लांब उभे होतो. एक वाऱ्याची झुळूक आली की पाण्यावर सुरकुत्या पडत आणि विरून जात. घाई कुणालाच नव्हती. अम्मी सलाम फेरून उठल्या नाहीत, तशाच पाण्याकडे पाहत बसल्या. चाळीस वर्षांत त्यांना काही न करता बसलेलं आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

बुधवारी महाशिवरात्र होती. आम्ही परत निघालो तेव्हा पिसरनाथाच्या दर्शनाला वर येणारी माणसं भेटत होती. गाव पुन्हा थोडं जागं होत होतं. रिक्षावाल्यालाही त्या दिवशी गिऱ्हाईक मिळालं असावं, कारण तो निरोपाला आला नाही. अम्मींना त्यातच बरं वाटलं. घरी आल्यावर त्यांनी बुरखा धुतला तर बादलीतलं पाणी गेरूसारखं लाल झालं. ते त्यांनी मोरीत न ओतता कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं.

त्यानंतर

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. माणसाने माणसाला ओढणं प्रतिष्ठेला धरून नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. त्याचबरोबर या रिक्षावाल्यांचा रोजगार जाऊ नये, गुजरातमध्ये केवडियाला जशा ई-रिक्षा भाड्यानं चालवायला दिल्या तशी योजना इथे करावी, असंही सांगितलं. आम्ही ही बातमी अम्मींना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली. "बंद करा" एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. "त्यांना गाडी देणार" हे वाक्य आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग ठीक. आता मी चढावरही बसून राहीन."

कोणाला जायचं असेल तर चार गोष्टी सांगून ठेवतो. आठवड्याच्या मधले दिवस धरा. छोट्या गाडीचं वेळापत्रक आधी पाहा, डबे थोडे असतात. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते. जोडे जुने घाला, लाल माती पक्की बसते. माकडांपुढे पिशवी उघडू नका. बाजाराजवळ मशीद आहे, जमातीची वेळ विचारून घ्या. खाण्याची शंका असेल तर शाकाहारी थाळी सगळीकडे मिळते. प्लास्टिक घेऊन गेलात तर ते परत खाली आणा. हा डोंगर पर्यावरणाच्या दृष्टीनं जपायचा म्हणून २००३ पासून संरक्षित आहे. ज्यांना माथेरान लांब पडतं त्यांना पाचगणी-महाबळेश्वर आहे. तिथेही मार्चमध्ये गर्दी ओसरलेली आणि स्ट्रॉबेरी अजून शिल्लक असते.

आणि भाव एकदाच ठरवा.

यंदा रमजान आणखी लवकर आहे, फेब्रुवारीच्या मध्यानंतर. म्हणून आम्ही ठरवलंय की ईद झाल्यावर, मुलांच्या परीक्षा संपून हंगाम सुरू होण्याआधी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा जायचं. अम्मींनी खजुरीचा एक पुडा आतापासूनच वेगळा काढून ठेवला आहे. अब्बा म्हणाले, "इफ्तारसाठी आणलाय, त्याला हात लावू नका." अम्मी म्हणाल्या, "हा इफ्तारचा नाही. हा त्या दोघांचा आहे."

तुमच्या घरातल्या अम्मी, नानी, दादी यांना विचारून पाहा, त्यांना कुठे जायचं होतं. बहुतेक ते ठिकाण फार लांब नसेल. खुदा हाफिज.